मुलांचे मौन आणि मोठ्यांचे कान



लैंगिक अत्याचार सोसलेले मूल बहुधा लगेच बोलत नाही. त्या मौनाचा अर्थ ‘काही घडलेच नाही’ असा लावणे घातक ठरते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी संवाद साधण्यात आला. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. पीडितांत मुलग्यांची संख्या निम्म्याहून किंचित अधिकच होती. सुमारे निम्मे अत्याचारी ओळखीचे वा विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी हे कोणालाच सांगितले नव्हते.

याची कारणे घरातच सापडतात. ज्या अवयवांची नावे घेणेही निषिद्ध, त्यांविषयी मुलाने बोलावे कोणत्या शब्दांत? ‘थोरांचे ऐकावे’ हा संस्कार त्याला मिळतो. परंतु थोरांनाही नकार देता येतो, हे कोणी शिकवत नाही. अत्याचारी काका वा शिक्षक असेल, तर आधी खाऊ, मग ‘हे आपले गुपित’, शेवटी धमकी, असा क्रम चालतो. आपल्या बोलण्याने घर मोडेल, ही भीती मुलाला ग्रासते. मुलग्याला तर ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्यच गप्प करते. आणि धीर करून बोलल्यावर घराण्याच्या अब्रूची चिंता आधी झाली, तर ते पुन्हा तोंड उघडत नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ साली दाखवून दिले की मूल उशिरा, अडखळत सांगते आणि दडपणाखाली शब्द मागेही घेते. म्हणूनच शब्द फिरवणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या ‘पॉक्सो’ कायद्याने हे ओळखले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाची ओळख गुप्त राहते. मात्र गुन्हा माहीत असूनही तो न कळवणे हा स्वतःच अपराध आहे. त्यामुळे ‘घरातच मिटवू’ हा मार्ग उरत नाही. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

मूल बोलू लागले की ‘आधी का नाही सांगितलेस?’ असे विचारू नये. ‘कोणाला सांगणार नाही’ असे खोटे वचनही देऊ नये. ‘सांगितलेस हे चांगले केलेस, चूक तुझी नाही’ एवढेच शांतपणे म्हणावे. अब्रू जपायचीच असेल, तर ती आधी मुलाची जपावी.