जवळ कोण, लांब कोण?

(कळंब, ता. वसई येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या किनारपट्टीवरच्या कितीतरी घरांतला पुरुष आखातात नाहीतर बोटीवर असतो. काहींचा घरातच असतो, पण त्याचा हात फक्त मारायला उठतो. पहिलीला लोक म्हणतात, 'नशीबवान आहेस, पैसा येतो.' दुसरीला म्हणतात, 'निदान नवरा जवळ तरी आहे!' पण बाई, तुला काय हवं आहे, हे दोघींनाही कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, जवळ राहायचं की लांब, यात बाईची संमती मोजली गेली पाहिजे.

आणि हे काही धर्माविरुद्ध नाही. बायकोने अधीन राहावं, हे पौलाचं म्हणणं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. पण करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 7 उघडून बघा. पत्नीच्या शरीरावर पतीचा हक्क सांगून तो थांबत नाही. लगेच पतीच्या शरीरावर पत्नीचा तेवढाच हक्क सांगतो. एकमेकांपासून दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, प्रार्थनेसाठी आणि काही काळापुरतं, असंही म्हणतो. या अध्यायाचा पहिला अर्धा भाग दाखवून बायकोवर जबरदस्ती करणाऱ्यांना उरलेला अर्धा आपण वाचून दाखवला पाहिजे.

येशूने कुष्ठरोग्याला हात लावला. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली, विटाळाची म्हणून दूर ठेवलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवली, तर तिला त्याने मुलगी म्हणून हाक मारली. आणि शताधिपतीच्या चाकराला त्याच्या घरी न जाता, लांबूनच बरं केलं. म्हणजे अंतर हा गुन्हा नाही. काळजी नसणं हा गुन्हा आहे. महिन्याला पैसे येतात, पण मूल आजारी पडलं तर विचारपूस नाही, ह्याला संसार म्हणायचं का?

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातलंच उदाहरण घ्या. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी वेगळेपणाची वर्षं काढली, लोकांची बोलणी सोसली. पुढे त्या टिळकांकडे आल्या, तेव्हाही लगेच धर्म बदलला नाही. मनाला पटलं तेव्हा, 1900 साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येतं की त्या नवऱ्यामागून ओढल्या गेल्या नाहीत, स्वतःच्या पायांनी चालत गेल्या.

आता मार खाणाऱ्या बहिणीबद्दल. 'विवाह संस्कार आहे, सहन कर,' असं तिला सांगितलं जातं. पण कॅथलिक चर्चचा 1983 चा कायदा, कलम 1153, काय सांगतो? जोडीदारामुळे जिवाला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, मुलांना धोका असेल, किंवा एकत्र राहणं फारच कठीण झालं असेल, तर वेगळं राहायला रास्त कारण आहे. त्यासाठी बिशपांचा आदेश घ्यायचा असतो. पण उशीर करण्यात धोका असेल तर ती आधी स्वतःहून निघू शकते. याने विवाहबंध तुटत नाही, पण बाई वाचते. पोप फ्रान्सिस यांनीही 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात लिहिलं की अशा वेळी वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरतं.

देशाचा कायदाही सोपा नव्हता. 1869 च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि 2001 साली संसदेने कायदा बदलला. आज क्रूरता किंवा किमान दोन वर्षांचा परित्याग हे स्वतंत्र कारण आहे. घटस्फोट नको असेल तरी पोटगी मागता येते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात खर्चाला पैसे न देणं हीसुद्धा हिंसा धरली आहे आणि राहत्या घरावर बाईचा हक्क आहे.

म्हणून तीन गोष्टी करू या. नवरा परदेशी जाणार असेल तर किती वर्षांसाठी, पैसे कोणाच्या खात्यावर, परत कधी, हे जाण्याआधी दोघांनी बसून ठरवावं. पैशांच्या पावत्या, पत्रं, फोनवरचे निरोप जपून ठेवावेत. आणि मार खाऊन कोणी दारात आली, तर 'परत जा' म्हणण्याआधी तिला आत घ्यावं. तिच्याबरोबर धर्मगुरूंकडे आणि वकिलाकडे आपण चौघीजणींनी जावं. एकटीला परत पाठवणं सोपं असतं, चौघींना नाही!