दहा सेकंदांचे दप्तर

दहा सेकंद हा काळ व्यवहारात कोणी हिशेबात धरीत नाही. विड्याच्या पानाला चुना लावावयासही तो पुरत नाही. परंतु १९८७ साली कॅलिफोर्नियातील ई-म्यू ह्या कंपनीने एसपी-१२०० नावाचे जे वाद्ययंत्र बाजारात आणले, त्याच्या पोटात ध्वनी साठविण्यास एकंदर जागा होती ती सुमारे दहा सेकंदांची. आणि तीतही कोणताही एक ध्वनी अडीच सेकंदांहून लांब असून चालत नसे. एवढ्याशा भांडवलावर न्यूयॉर्कमधील तरुण संगीतकारांनी हिप-हॉपचा जो संसार उभारला, तो पुढे साऱ्या जगात पसरला. ते कसे साधले, हे समजून घ्यावयाचे तर त्या यंत्राचे अंतरंग थोडे उलगडून पाहिले पाहिजे.

अशा यंत्राला सॅम्पलर म्हणतात. ‘नमुनाकार’ असा प्रतिशब्द कोणी सुचविला तर ऐकणाऱ्याला कापडाचे दुकान आठवेल. तेव्हा रूढ शब्दच बरा. हे यंत्र स्वतः काही वाजवीत नाही. बाहेरून आलेला ध्वनी ते ठरावीक अंतराने मोजते आणि त्या मापांचे आकडे जपून ठेवते. एसपी-१२०० मध्ये एका सेकंदाला सुमारे २६,००० वेळा अशी मोजणी होई व प्रत्येक माप ४,०९६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविले जाई. पुढे ४४,१०० वेळा मोजणारी व ६५,५३६ पायऱ्यांची यंत्रे आली. आवाज अधिक स्वच्छ झाला. तरीही त्या जुन्या यंत्राचा किंचित खरखरीत, जाडाभरडा आवाज आजही रसिक मुद्दाम शोधीत असतात. जात्यावरच्या पिठाची चव गिरणीच्या पिठाला येत नाही म्हणणाऱ्यांच्या जातीचेच हे लोक!

ध्वनी कापून पुन्हा जोडण्याची कल्पना मात्र यंत्राहून जुनी आहे, आणि तिचा जन्म नभोवाणीच्या घरात झाला. पॅरिसमध्ये फ्रेंच नभोवाणीवर काम करणाऱ्या पिएर शेफेर यांनी १९४८ साली बातिन्योल स्थानकावरील आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले, आणि तबकडीवरील खाच स्वतःशीच मिटवून एकच तुकडा पुनःपुन्हा फिरविण्याची युक्ती वापरून त्यांतून रचना सिद्ध केली. १९७९ साली सिडनी येथे पीटर व्होगेल व किम रायरी यांनी फेअरलाइट हे यंत्र तयार केले, तेव्हा हेच काम आकड्यांच्या साहाय्याने होऊ लागले. ते यंत्र धनिकांचे. एसपी-१२०० त्या मानाने सामान्यांच्या आटोक्यातले होते, आणि महत्त्व आहे ते ह्याच गोष्टीला.

यंत्रात ध्वनी घेणे सोपे. खरी कसोटी लागते ती कापताना. मुद्रित केलेल्या आवाजाच्या आधी थोडी शांतता असते, मागे नको असलेली कुजबूज असते. आरंभ कापावयाचा तो नेमका आघाताच्या आधी. क्षणाच्या शतांशाने मागे राहिले तर ठोका उशिरा पडल्यासारखा वाटतो. पुढे गेले तर आघाताची धारच नाहीशी होते आणि ढोल उशीवर वाजविल्यासारखा होतो. शिवाय ध्वनीची लहर शून्याच्या वरखाली हेलकावे घेत असते. ती शून्यावर असताना काप घेतला तर कानाला पत्ता लागत नाही. शिखरावर असताना घेतला तर कर्ण्याच्या पडद्याला एकदम उडी घ्यावी लागते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. बासरीचा दोन सेकंदांचा स्वर दहा सेकंद टिकवावयाचा असेल, तर मधला भाग निवडून त्याची दोन टोके एकमेकांना भिडवावी लागतात. टोके जुळली नाहीत की स्वर उचकी लागल्यासारखा चालतो. एका टोकाचा उतरता आवाज दुसऱ्याच्या चढत्या आवाजावर पसरविला म्हणजे सांधा झाकतो. एसपी-१२०० च्या इवल्याशा पडद्यावर लहरीचे चित्र दिसत नसे, नुसते आकडे दिसत. त्यामुळे हे सारे कानावर विसंबून करावे लागे. कानच तयार झाला, हा त्या गैरसोयीचा लाभ.

भारतीय श्रोत्याला ह्यातील मर्म तबल्यावरून चटकन कळेल. रियाजाला बसणाऱ्यांच्या घरी इलेक्ट्रॉनिक तबल्याची पेटी असते. तिच्यात ‘धा’ साठविलेला असतो, पण तो एकच ‘धा’ असला की चार आवर्तनांत कान कंटाळतो. हाडामांसाचा तबलजी ‘धा’ दोनदा सारखा वाजवीत नाही. डग्ग्यावर मनगटाचा दाब बदलतो, घुमारा कमीअधिक होतो. म्हणून जाणकार मनुष्य एकाच बोलाचे हलके, मध्यम व जोरदार असे निरनिराळे नमुने घेतो आणि बोटाच्या जोराप्रमाणे त्यांतील एक वाजेल अशी योजना करतो. तरीसुद्धा डग्ग्यावरील मींड पकडताना पेटीची तारांबळ उडते, हे मान्य केलेच पाहिजे.

जागेच्या टंचाईने एक गमतीदार युक्ती शिकविली. मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवावयाची, तो घाईघाईचा, चिरका आवाज यंत्रात घ्यावयाचा आणि मग यंत्रातच त्याची पट्टी खाली उतरवून मूळ पदावर आणावयाचा. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल मावे. काटकसरी गृहिणीने पिठात पाणी वाढवावे तसा हा प्रकार. पण त्या उतरविण्यात आवाजाला जो खडबडीतपणा येई, तोच पुढे शैलीचे लक्षण ठरला.

कापलेले तुकडे लावून ठेवणे हे दुसरे काम, आणि ते कमी लेखण्यासारखे नाही. एसपी-१२०० वर बोटांनी वाजवावयाच्या आठ कळा होत्या आणि आठ-आठ ध्वनींचे चार खण; म्हणजे एकूण बत्तीस ध्वनी. कोणता आवाज कोणत्या खणात, कोणत्या बोटाखाली, हे ठरल्यावाचून वाजविणारा हात अडखळतो. यंत्र बंद केले की स्मृती कोरी होई; जपावयाचे ते लवचिक चकतीवर उतरवून घ्यावे लागे. साडेतीन इंची चकतीवर पुढच्या काळातील स्वच्छ प्रतीचा आवाज एकपदरी घेतला तरी सोळा सेकंदांच्या आसपासच मावतो. त्यामुळे चकत्यांचे ढीग होत, आणि ज्याने त्यांवर नाव, ताल, पट्टी व मूळ तबकडी यांची नोंद केली नाही, त्याची अवस्था अनुक्रमणिका नसलेल्या दप्तरखान्यातील लिपिकासारखी होई. ‘ढोल १’, ‘ढोल २’, ‘ढोल नवा’, ‘ढोल अगदी नवा’ अशी नावे देणाऱ्यांची परंपरा सरकारी नस्त्यांपुरती मर्यादित नाही.

१९८८ साली रॉजर लिन यांनी आखलेले अकाई कंपनीचे एमपीसी-६० आले. त्यावर चार ओळींत सोळा गाद्या होत्या. वाजविताना चुकलेले ठोके हे यंत्र आपोआप जागेवर बसवी, आणि हवे तर एकाआड एक ठोका किंचित उशिरा टाकून तालाला झोलही देई. डेट्रॉइटचे जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला यांनी ह्याच मालिकेतील एमपीसी-३००० वर काम करताना ते आपोआप बसविणे अनेकदा बंद ठेवले आणि हाताचा ढिलेपणा जसाच्या तसा राखला. २००६ साली अवघ्या ३२ व्या वर्षी ते निवर्तले. त्यांचे यंत्र वॉशिंग्टन येथील आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

परंतु दप्तरात ठेवलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न सुटत नाही. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की ह्या गायकाविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून घेतला होता. निकालपत्राचा आरंभच बायबलातील चोरी न करण्याच्या आज्ञेने झाला आहे. आपल्याकडील उदाहरणही दूरचे नाही. ‘ज्योती’ ह्या १९८१ च्या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या आवाजातील ‘थोडा रेशम लगता है’ २००२ साली एका अमेरिकन गीतात विनापरवाना अवतरले. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव छापल्यावाचून विक्री करू नये, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ साली दिला.

लाहिरींना निदान न्यायालयाचे दार होते. तालवादकाची गोष्ट वेगळी. कायदा हक्क मानतो तो रचनाकाराचा व मुद्रणाच्या मालकाचा. ज्याच्या हातून ठोका उमटला त्याला बहुधा त्या दिवसाची मजुरी तेवढी मिळते. जेम्स ब्राऊन यांच्या ‘फंकी ड्रमर’ मधील क्लाइड स्टबलफील्ड यांचे वादन असंख्य गाण्यांत कापून वापरले गेले, पण रचनाकार म्हणून त्यांचे नाव नव्हते. १९६९ साली विन्स्टन्स ह्या वाद्यवृंदाने ‘आमेन, ब्रदर’ ही धून मुद्रित केली. तिच्या मध्यावर बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटेच सहा-सात सेकंद ड्रम वाजवितात. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत आला. इंग्लंडात जंगल नावाचा संगीतप्रकार बराचसा त्याच्याच पायावर उभा राहिला. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना त्याबद्दल मानधन मिळाले नव्हते. २०१५ साली इंग्लंडातील चाहत्यांनी वर्गणी काढली आणि सुमारे २४,००० पौंड जमवून त्यांना दिले. कोलमन त्याआधी नऊ वर्षे, २००६ साली, वारले होते.