स्वच्छ पाण्याचा दाखला



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते प्रयोगशाळेत वारंवार सांगत, "निरीक्षण लिहिण्यापूर्वी परीक्षानळीच्या तळाशी पाहा." या वाक्याचा अर्थ मला तेलक्षेत्रातील नोकरीत, स्वतःच्या एका चुकीमुळे उमगला.

१९६० साली अंकलेश्वरला तेल लागले, हे बडोदेकरांना सांगावयास नको. परंतु तेलाबरोबर भूगर्भातून खारे पाणीही वर येते आणि क्षेत्र जुने होत जाते तसे त्याचे प्रमाण वाढते. भूगर्भातील दाब टिकावा म्हणून पुष्कळ ठिकाणी हे पाणी पुन्हा खाली सोडतात. ही वाहतूक बहुधा पोलादी नळांतून होते आणि नळांचे शत्रू त्या पाण्यातच असतात.

पहिला शत्रू प्राणवायू. भूगर्भातील पाण्यात तो जवळजवळ नसतो. उघड्या टाकीतून वा पंपाच्या सैल जोडातून तो शिरतो. हवेशी संपर्क आलेल्या गोड्या पाण्यात तो दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम असतो; नळ टिकावेत म्हणून तो एका मिलिग्रॅमच्या एक-दोन शतांशांवर आणावा लागतो. दुसरा कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात सौम्य आम्ल बनून लोखंड झिजवतो. तिसरा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तो पोलादावर काळा थर बसवतो. थर अखंड असेल तर काहीसे संरक्षण लाभते. तो फाटला की गंज एका ठिपक्यावर एकवटतो आणि खड्डा खोल जातो.

हा तिसरा वायू पुष्कळदा जिवाणू निर्माण करतात. १८९५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे बायेरिंक यांनी सल्फेटचे क्षपण करणारे जिवाणू शोधून काढले. आपण प्राणवायूवर श्वसन करतो, ते सल्फेटवर करतात. १९३४ साली डच संशोधकांनी जमिनीतील लोखंडी नळांच्या गंजाशी त्यांचा संबंध जोडला. त्यांतील काही जाती लोखंडातून थेट इलेक्ट्रॉन घेतात, असे २००४ साली दिसून आले.

यातील बरेचसे मी वाचलेले होते. तरीही दरमहा वाहत्या पाण्याचा नमुना तपासून, जिवाणू नगण्य आहेत असा दाखला मी सहीनिशी देत असे. एके दिवशी कमी वापराची एक शाखा तळाशी फुटली आणि खारे पाणी कापसाच्या शेतात पसरले. नळ कापला तेव्हा तळाशी काळा, चिकट गाळ आणि त्याखाली खड्डे होते. जिवाणूंची वसाहत त्या गाळात होती. वाहत्या पाण्यात सोडलेले जीवनाशक रसायन तिथवर पोहोचतच नव्हते. जमीन पुन्हा केव्हा पिकेल, असे शेतकऱ्याने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हा केवळ माझाच अनुभव नव्हे. मार्च २००६ मध्ये अलास्कातील प्रुडो बे येथे नळाला आतून गंजून पडलेल्या लहानशा छिद्रातून सुमारे ५,००० पिंपे तेल सांडले. तेथेही प्रवाह संथ होता, गाळ साचला होता.

उपाय गहन नाही. आधी नळ आतून खरवडावा, मग रसायन सोडावे. आणि नमुना गाळाचाही घ्यावा. त्या प्रसंगानंतर तळ पाहिल्यावाचून मी एकाही दाखल्यावर सही केली नाही. गुरुजींच्या ऋणाची ही अल्पशी फेड मानून मी आपली रजा घेतो.