पायथनची अवजारे आणि नवशिका प्रोग्रामर
(बंगळूर येथे केलेले भाषण)



नव्या प्रोग्रामरांना हाताशी धरून शिकविणाऱ्या आपणा सर्वांसमोर मी उभी आहे, ती आपल्यापैकी एक म्हणून नव्हे. माझे शिक्षण मराठी साहित्याचे, आणि व्यवसाय अनुवादाचा. परंतु गेली काही वर्षे संगणकविषयक पाठांचे मराठीकरण करीत असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती आपल्यासारख्या जाणकारांपुढे मांडावी असे वाटले. पायथन ही भाषा नवशिक्याला सहसा अडवीत नाही. त्याला अडवितात ती तिच्या भोवतालची अवजारे. आणि ही अवजारे आपण त्याला शिकवितो, ती त्यांचे प्रयोजन न सांगता.

बेळगावकडून किंवा लातूरकडून पदवी घेऊन या शहरात आलेल्या तरुणाचा पहिला आठवडा डोळ्यांपुढे आणा. गीडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांच्या हाती दिलेली ही भाषा त्याला परीक्षेपुरती चांगली येते. कचेरीत त्याच्यापुढे उबंटूचा संगणक येतो. पाठ्यपुस्तकात शिकल्याप्रमाणे तो 'पिप इन्स्टॉल' असे टंकतो, आणि यंत्र त्याला साफ नकार देते: हे पर्यावरण बाहेरून नियंत्रित आहे. डेबियन व उबंटू या दोन्ही प्रणालींनी २०२३ पासून हा निर्बंध घातला आहे. त्यामागील कारण रास्त आहे. प्रणालीची स्वतःची कित्येक कामे त्याच पायथनवर चालतात; तिच्यातील लायब्ररी परस्पर बदलली, तर ती कामे बंद पडू शकतात.

हे कारण त्या तरुणाला कोणीही सांगितलेले नसते. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला विचारण्याचा संकोच वाटतो, कारण एवढेही येत नाही असा शिक्का बसेल ही भीती. मग तो उत्तर शोधतो, आणि त्याला एक जोडशब्द सापडतो: 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस'. तो पुढे जोडला की यंत्र निमूटपणे आज्ञा पाळते. या शब्दांचा सरळ मराठी अर्थ 'प्रणालीची पॅकेजे मोडा' असा आहे. ज्याने हे नाव ठेवले त्याने ते मुद्दाम भीतिदायक ठेवले असावे. परंतु जो तरुण आज्ञा अक्षरशः नकलून घेतो, तो तिचा अर्थ वाचीतच नाही. मराठीत लिहिले असते तर त्याचा हात थबकला असता, असे मला अनुवादक या नात्याने वाटल्यावाचून राहत नाही.

तेव्हा माझी पहिली विनंती अशी की अवजार देण्यापूर्वी अडचण द्यावी. एका पायथनमध्ये एका लायब्ररीची एका वेळी एकच आवृत्ती नांदू शकते, हे वाक्य फळ्यावर लिहून कोणाला उमजत नाही. त्याऐवजी नवशिक्याकडून दोन फोल्डर करून घ्यावेत. पहिल्यातील कामाला जँगोची ४.२ ही आवृत्ती हवी, दुसऱ्यातील कामाला ५.२. पहिल्या कामात जँगोच्या टाइमझोन मॉड्यूलमधून 'यूटीसी' हे नाव आयात केलेले असू द्यावे, ते ५.० मध्ये काढून टाकण्यात आले. आता सरावापुरत्या, मोडला तरी चालेल अशा एकाच पायथनमध्ये दुसऱ्या कामासाठी नवी आवृत्ती बसवावयास सांगावे, आणि मग पहिले काम पुन्हा चालविण्यास. ते कोसळते. ज्याला कोणी स्पर्शही केला नव्हता ते काम कोसळले, हे त्याने स्वतः पाहिले पाहिजे. त्यानंतर 'व्हेन्व्ह' म्हणजे काय, हे सांगावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. एका घरात दोन चुली मांडणे ही आपल्याकडे दुःखाची गोष्ट समजली जाते. येथे मात्र शहाणपण त्यातच आहे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. 'व्हर्च्युअलएन्व्ह' २००७ मध्ये आले, 'पिप' २००८ मध्ये. दोन्ही इयान बिकिंग यांची निर्मिती. 'व्हेन्व्ह' २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर भाषेतच समाविष्ट झाले. 'पायप्रोजेक्ट' या फाइलीचा प्रस्ताव २०१६ चा. आणि ॲस्ट्रल कंपनीचे, रस्ट भाषेत लिहिलेले 'यूव्ही' २०२४ च्या फेब्रुवारीत अवतरले. हा कालक्रम शिकणाऱ्याला ठाऊक नसतो. तो जेव्हा उत्तर शोधतो, तेव्हा या सर्व काळांतील सल्ले त्याच्यापुढे एकाच वेळी येतात, आणि प्रत्येक सल्ला आजचाच असल्यासारखा बोलतो. आता उत्तरे देणारी यंत्रेही आली आहेत. तीही कधी कधी जुने आणि नवे एकाच पानात वाढतात. म्हणून प्रत्येक अवजाराबरोबर त्याचे साल सांगावे. ज्ञानेश्वरांची मराठी आणि आजची मराठी एकाच वाक्यात मिसळली तर ते वाक्य कसे लागेल, याची कल्पना करावी.

'यूव्ही'ला माझा विरोध नाही. पायथन उतरवून घेणे, पर्यावरण उभारणे, लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवून ठेवणे, ही सारी कामे ते एकटेच आणि फार वेगाने करते. परंतु ज्याने अडचण अनुभवलेली नाही, त्याला ते नुसती जादू वाटते; आणि जादू बिघडली की दुरुस्त करता येत नाही. ते दुसऱ्या दिवशी द्यावे. 'ब्लॅक', 'रफ', 'पायटेस्ट' यांची घाई तर मुळीच नको. शिस्तीची गरज लेखन वाढल्यावरच कळते.

या शहराला अशा शिक्षणाची परंपरा आहे. पायकॉन इंडियाचे पहिले संमेलन २००९ च्या सप्टेंबरात येथील भारतीय विज्ञान संस्थेत भरले. येथील जुन्या रहिवाशांच्या तोंडी तिचे नाव अद्याप 'टाटा इन्स्टिट्यूट'. बँगपायपर्स हे स्थानिक मंडळ त्याही आधीचे. अशा मेळाव्यांत जे शिकता येते ते पुस्तकात क्वचितच सापडते, कारण तेथे आपल्यासारखाच दुसरा कोणी अडलेला दिसतो, आणि संकोच गळून पडतो.

भाषेचा प्रश्न उरतो. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने यावर जो मार्ग काढला आहे, तो मला मोलाचा वाटतो. तेथे पडद्यावरील आज्ञा आहेत तशाच इंग्रजीत राहतात. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत होते. ऐकणारा थांबतो, स्वतः करून पाहतो, पुढे जातो. 'लायब्ररी'चे 'ग्रंथालय' करण्याचा हट्ट तेथे नको. शब्द परका राहिला तरी चालेल, स्पष्टीकरण परके राहता कामा नये.

आणि चुकीचा संदेश शिष्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. त्याने वाचावा आणि आपल्या भाषेत अर्थ सांगावा. पायथनचा लांबलचक त्रुटिसंदेश पाहून नवशिका घाबरतो, कारण तो वरून वाचावयास लागतो आणि तिसऱ्या ओळीपाशीच धीर सोडतो. वस्तुतः मुख्य गोष्ट अखेरच्या ओळीत असते: कोणती त्रुटी, आणि कशामुळे. तिच्या वरच्या ओळी केवळ तेथवर पोहोचण्याची वाट दाखवितात. मराठी वाक्यही आपले क्रियापद शेवटासाठी राखून ठेवते. ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो, कारण तेथे काय होणार ते त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आपल्या शिष्याला एवढेच सांगावे, आणि त्याला खालून वर वाचावयास बसवावे.