नोंदवहीतील निनावी मुलगा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गतवर्षीच्या स्मरणिकेत आमच्या कळंब येथील घराण्याची वंशावळ छापली गेली. तीत आमच्या आजोबांच्या धाकट्या बंधूंच्या नावापुढे ‘बालपणी मृत’ असे शब्द आहेत. माहिती आम्हीच पुरविली होती. ती चुकीची होती, हे सांगण्यासाठी आज आम्ही आपणापुढे उभे आहोत.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत, १९१७ साली मेसोपोटेमियात पडलेल्या मराठा पलटणीच्या एका शिपायाची नोंद आमच्या दृष्टीस पडली. नाव व बापाचे नाव आमच्याच घरचे; गाव कळंब, जिल्हा पुणे. परंतु पुणे जिल्ह्यात कळंबे दोन : एक आपले इंदापूर तालुक्यातील, दुसरे आंबेगावकडील. पुढे पलटणीच्या कागदात ‘इंदापूर’ सापडले आणि ती शंका फिटली. तोच दुसरी उभी राहिली. भरती १९१५ सालची, वय १९. म्हणजे जन्म १८९६ चा.

गावची जन्मनोंदवही पाहिली. पूर्वी बारशाच्या आधीच नोंद होई, त्यामुळे तीत मुलाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’, एवढेच. पणजोबांच्या नावे असे दोन निनावी मुलगे आढळले, १८९४ आणि १८९९ चे. १८९६ साली कोणी नाही! थोरले ते आमचे आजोबा. धाकट्याचे वय १९१५ साली भरते सोळा. घरची मंडळी म्हणाली, “हा शिपाई आपला नव्हे.”

शिरगणतीत पाहिलेत काय, असे पुष्कळजण विचारतात. शिरगणती गावाचा आकडा देते, घरोघरची नावे अभ्यासकाच्या हाती देत नाही. १९४८ च्या कायद्याने ते कागद गोपनीय आहेत. शिवाय वय विचारले की लोक वीस, पंचवीस, तीस असे ठोकून देत, ही शिरगणतीच्या अहवालांतलीच जुनी तक्रार. बसऱ्याच्या स्मारकावरही इंग्रज अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या.

मृत्यूच्या वहीतही त्या मुलाची नोंद मिळाली नाही. पण नोंदी राहून जात असत, तेव्हा तेवढ्यावर विसंबणे शिक्षकाला शोभले नसते.

अखेर आठवली ती आमची आजी. पितृपंधरवड्यात भाद्रपद वद्य चतुर्दशीस ती एक पान वेगळे वाढी. कोणाचे, म्हणून विचारले तर म्हणे, “धाकट्या भाऊजींचे. सासूबाईंनी घालून दिलंय.” आम्ही त्या वेळी पोरसवदा, लक्ष सारे खिरीकडे. बालपणी गेलेल्या मुलाचे श्राद्ध कोणी करीत नाही, आणि ती चतुर्दशी तर शस्त्राने मृत्यू आलेल्यांची! पणजीला सारे ठाऊक होते. सोळा वर्षांच्या मुलाने एकोणीस सांगितले असावे. भरतीवाल्यांना माणसे हवी होती, जन्माचा दाखला कोण मागतो? ‘बालपणी मृत’ हे शब्द घरात कोणी व का रूढ केले, ते सांगणारे आता कोणी उरले नाही.

तरी वंशावळीतील ती ओळ कृपया अशी वाचावी : जन्म १८९९, पलटणीत भरती १९१५, मेसोपोटेमियात धारातीर्थी पतन १९१७, घरची तिथी भाद्रपद वद्य चतुर्दशी.