निवास, न्याहारी आणि एक परदेशी पाहुणा

बीदरहून औरादकडे जाणाऱ्या सडकेवर संतपूर हे गाव लागते. कर्नाटक राज्याच्या अगदी उत्तर टोकाचा हा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तो हैदराबाद राज्यात मोडत असे. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी अशा तीन भाषांतून येथील पुष्कळांचा दिवस जातो. या बाजूला दारात पाहुणा आला की प्रथम त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या येतो. तो कोण, कोठला, कशासाठी आला, हे प्रश्न तो पाणी प्याल्यानंतरचे. आधी पाणी आणि मग विचारपूस हा क्रम वरवर किरकोळ वाटतो. परंतु परक्या मुलखात ज्याने एखादी रात्र काढली आहे त्याला त्याचे मोल कळते.

पाहुणचार हा आता धंदाही झाला आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात द्राक्षमळ्यांना लागून मुक्कामाची उंची ठिकाणे उभी राहिली आहेत. राजीव सामंत यांनी तेथे 'सुला'चा मळा लावला आणि २००० सालापासून त्यांची वाइन बाजारात येऊ लागली. पुढे मळ्यातच राहण्याची सोय झाली. धरणाच्या काठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानेही आपले 'ग्रेप पार्क' उभारले. महामंडळाची 'निवास व न्याहारी' नावाची एक योजना आहे. घरमालकाने आपल्या घरातील काही खोल्या प्रवाशांस द्याव्यात आणि सकाळचा फराळ द्यावा, अशी तिची कल्पना. सरकारी योजनांच्या नावांत इतके घरगुती नाव क्वचितच आढळते.

अशा ठिकाणी पाहुणा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान गेला तर त्याला द्राक्षांची तोडणी दिसते, हौदात उतरून पायांनी द्राक्षे तुडविण्याची मौज करता येते. पेला दांडीला धरावा, आधी रंग पाहावा, मग वास घ्यावा आणि त्यानंतर घोट घ्यावा, हे सारे त्याला समजावून सांगण्यात येते. परंतु घरी परतल्यावर हा पाहुणा शेजाऱ्यापाशी काय सांगतो? वाइनविषयी दोन वाक्ये आणि यजमानाविषयी वीस. सकाळचा चहा आपण होऊन कोणी आणून दिला, उशिरा पोचलो तरी कोणी कपाळाला आठी घातली नाही, किंवा याच्या नेमके उलट! पैसे मोजूनही माणूस जे विकत घेऊ शकत नाही त्याचीच तो आठवण ठेवतो. हे आजचेच आहे असेही नाही. द्राक्षांच्या दुसऱ्या एका मुलखात साडेपाचशे वर्षांपूर्वी मुक्काम केलेल्या एका पाहुण्याचे लेखी अनुभव उपलब्ध आहेत, आणि त्यांतील काही संतपूरच्या शेजारच्या बीदर शहरातले आहेत.

तो मुलूख म्हणजे जुन्नर. याच तालुक्यातील नारायणगावला १९८० नंतरच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन तयार केली आणि ती परदेशीही गेली. तो कारखाना पुढे टिकला नाही. द्राक्षमळे मात्र टिकले. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. येथे इ. स. १४७० च्या आसपास, ऐन पावसाळ्यात, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी येऊन राहिला.

व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा हा रहिवासी. वाटेत लुटला गेला; त्या लुटीत त्याचे धर्मग्रंथही गेले. हिंदुस्थानात घोड्याला चांगली किंमत येते असे ऐकून एक घोडा घेऊन तो होर्मुझहून जहाजाने निघाला आणि चौलच्या बंदरात उतरला. तेथून पालीवरून सह्याद्री चढून जुन्नर. घोडा जुन्नरला पोचेपर्यंत त्याचे शंभर रुबल खर्ची पडले होते.

त्याच्या टिपणांत मुक्कामाच्या जागेविषयी एक बारकावा आहे. या देशात परदेशी व्यापारी उतारशाळांत उतरतात आणि तेथील बाया त्यांच्यासाठी स्वयंपाक करतात, अंथरुणे घालतात, असे तो नोंदवितो. निवास आणि न्याहारी म्हणतात ती हीच! (त्याच वाक्याच्या शेवटी तो या बायांविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, ती येथे सोडून दिलेली बरी. परक्या प्रवाशाने डोळ्यांनी पाहिले किती आणि कानांनी ऐकले किती, याचा निवाडा करणे अवघड असते.) घोड्यांना वाटाणे चारतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून घालतात, हेही त्याने टिपले आहे. खिचडीचा परदेशी माणसाने केलेला जुना उल्लेख पाहावा तर तो घोड्याच्या तोबऱ्यात सापडावा, ही मौजच म्हणावयाची. नारळापासून मद्य करतात असे तो लिहितो. द्राक्षाच्या मद्याचे नाव तेथे नाही. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी जुन्नरच्या पावसाळ्याची त्याची तक्रार आहे, आणि ज्याने घाटमाथ्यावर आषाढ काढला आहे तो तीत काही खोटे काढणार नाही.

परंतु खरी तक्रार वेगळी होती. जुन्नरचा अधिकारी असदखान याला कळले की हा पाहुणा मुसलमान नाही, रशियन आहे. त्याने घोडा काढून घेतला. आमचा धर्म स्वीकार, घोडा परत देतो आणि वर हजार सुवर्णनाणी देतो. नाही तर घोडाही जाईल आणि हजार नाण्यांचा दंडही बसेल, असे त्याने बजावले आणि चार दिवसांची मुदत घातली. आपल्या आश्रयाला आलेल्या माणसाला याहून वाईट वागणूक ती कोणती द्यावयाची? त्याचे ग्रंथ गेलेले, सणवारांचा हिशेब चुकत चाललेला, भोवती ओळखीचे कोणी नाही. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी खोरासानचा एक मुसलमान गृहस्थ, खोजा महंमद, तेथे आला. निकितीनने त्याला गळ घातली. तो स्वतः खानाकडे गेला, धर्मांतराची अट काढवून घेतली आणि घोडाही सोडवून आणला. छळणारा आणि सोडविणारा, दोघे एकाच धर्माचे. निकितीनच्या टिपणांत दोघांनाही जागा मिळाली आहे. तरीही तो प्रसंग त्याच्या मनातून गेला नाही. हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या आपल्या बांधवांना तो कळवितो की, आपला धर्म रशियातच ठेवून या.

बीदर तेव्हा बहमनी सुलतानांची राजधानी होती. राज्याचा कारभार महमूद गावान पाहत असे. 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, ही त्याची पदवी. असदखान त्याचाच हाताखालचा. आणि गावान तरी कोण? इराणातील गीलान प्रांतातून दाभोळ बंदरात उतरलेला एक परदेशी व्यापारीच. त्याने बांधलेला मदरसा १४७२ साली पुरा झाला. त्याचे उंच मनोरे आणि रंगीत फरशांचे काम यांचे अवशेष बीदरला आजही उभे आहेत. या पाहुण्याला राज्याने वजीर केले आणि १४८१ साली एका बनावट पत्रावरून त्याचा शिरच्छेदही केला.

बीदरपासून १२ कोसांवर शेख अलाउद्दीनच्या नावाने दहा दिवसांचा बाजार भरतो आणि तेथे २० हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे निकितीन सांगतो. हे ठिकाण म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद होय. लाडले मशायख म्हणून प्रसिद्ध असलेल्या शेख अलाउद्दीन अन्सारी यांचा दर्गा तेथे आहे. या गावी 'गुकुक' नावाचा पक्षी रात्री ओरडत फिरतो, ज्या घरावर बसेल तेथे माणूस मरतो आणि मारावयास गेल्यास तोंडातून आग काढतो, अशीही माहिती त्याला मिळाली. पाहुण्याला घुबडाच्या गोष्टी सांगून घाबरविण्याची हौस जुनीच दिसते. कोसांचा हिशेबही त्याला कोणी तरी हात राखून सांगितलेला दिसतो.

नाताळच्या सुमारास बीदरला त्याने घोडा एकदाचा विकला. वर्षभराच्या चाऱ्याला ६८ नाणी गेली होती. तोपर्यंत तो 'खोजा यूसुफ खोरासानी' या नावाने वावरत होता. बीदरच्या हिंदूंशी त्याचा परिचय वाढला तेव्हा त्याने आपण होऊन त्यांना सांगितले की, मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे आणि माझे नाव अफनासी. जुन्नरला जे सत्य त्याच्या जिवावर बेतले तेच सांगण्याचा धीर त्याला येथे झाला. यावर त्या मंडळींनी त्याच्यापासून काही लपविले नाही. जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा, सारे त्याला पाहू दिले. घरातील बायकांनाही आड केले नाही. मग तो त्यांच्याबरोबर महिनाभराची वाट चालून श्रीशैलाच्या यात्रेलाही गेला.

तथापि त्याची नजर भाबडी नव्हती. येथे ८४ धर्म आहेत आणि एका धर्माचा माणूस दुसऱ्याबरोबर खात-पीत नाही, लग्नसंबंध करीत नाही, हे त्याने लिहून ठेवले. तो ज्यांना धर्म म्हणतो त्या पुष्कळशा जाती असाव्यात. वाटेवर प्रत्येकाचे भांडे वेगळे, आणि मुसलमानाची नजर पडली तर ते अन्न खावयाचे नाही, म्हणून काही जण कापड ओढून जेवतात. घराचे दार उघडे, ताट मात्र झाकलेले. यजमानांच्या ध्यानात ही विसंगती आली नसेल, पाहुण्याच्या आली.

परतीच्या वाटेवर, त्वेरला पोचण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ निकितीन मरण पावला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांच्या हस्ते मॉस्कोला गेल्या आणि १४७५ च्या नोंदीखाली बखरीत उतरल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करामझिन यांनी त्या विस्मृतीतून बाहेर काढल्या. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि प्रोनिन यांनी त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. तो जेथे उतरला त्या बाजूला, रेवदंड्यास, त्याचे स्मारक आहे. वह्यांत असदखानाचे नाव आहे, खोजा महंमदचे आहे. बीदरच्या ज्या घरांनी त्याला आत घेतले त्यांतील एकाही यजमानाचे नाव मात्र तेथे सापडत नाही.