कारवानीची नोंदवही



मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर जमातीकडची कारवानी जातीची शिकारी कुत्री पारखली, जोपासली आणि त्यातली एक जोडी पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि कारवानीचं कामच गेलं. मग दिवस पालटले. २००५ साली टपाल तिकिटावर चित्र आलं, २०१६ साली पिल्लं मेरठला लष्कराच्या केंद्रात शिकायला गेली, ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं. पिल्लाला भाव आला आणि पाळणाऱ्यांत वैर वाढलं.

या जातीला केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कॅराव्हॅन हाउंड’ म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’. नावावरून प्रदर्शनाच्या रिंगणाबाहेर बाचाबाची होते. त्यात मी पडणार नाही. मला घोर आहे तो रक्ताचा.

शर्यतीच्या नादानं मादीला ग्रेहाउंड लावायचा आणि पिल्लं अस्सल कारवानी म्हणून विकायची, हे आपल्या भागात चाललंय. अस्सल कारवानी उभा राहिला की शेवटच्या बरगड्या दिसतात, कमरेची हाडं वर येतात. नवखा माणूस म्हणतो, याला उपाशी ठेवलंय का? संकराच्या मांडीवर आणि पाठीवर मांस भरतं. पहिल्या पिढीत हे हाताला कळतं. तिसऱ्या पिढीत मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि तोवर त्या नराची पिल्लं चार तालुक्यांत गेलेली असतात.

उघड केलेल्या संकराचंही काय होतं ते पाहा. १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला केसांची ॲलर्जी होती. वेतातली उरलेली पिल्लं कोणी घेईना. ‘लॅब्राडूडल’ असं नाव दिल्यावर मागणी आली. पुढे कोणीही कसाही संकर करू लागला आणि कॉनरन यांना पश्चात्ताप झाला. तरी त्यांनी संकर लपवला नव्हता. आपल्याकडे तो लपवला जातो, हे मला जास्त लागतं.

भोगते ती मादी. प्रत्येक माजाला नर लावलेली, आचळं ओघळलेली, पाठीचा कणा उघडा पडलेली कुत्री माझ्या तपासणीच्या टेबलावर येते, आणि मालक विचारतो, पुढच्या खेपेला पिल्लं किती होतील? २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार दीड वर्षाच्या आत वीण नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेतं नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. हे नियम मोडणाऱ्याला आपणच आपल्यात बसू देऊ नये.

शेजाऱ्याच्या केनेलची बदनामी करून आपली पिल्लं खपवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तो दम नोंदीत घाला. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला श्वान संशोधन केंद्र उभं आहे. आपल्याकडे निदान एक नोंदवही असावी. आजच्या बैठकीच्या दुपारच्या सत्रात दोन्ही नावांच्या मंडळींनी एकाच टेबलाशी बसून तिचे रकाने ठरवावेत: मायक्रोचिपचा क्रमांक, आई, बाप, वेताची तारीख, आणि संकर असेल तर तसा स्वच्छ उल्लेख.